भाकरीपर्यंतचा दम

माणूस घाबरला की त्याचे हातपाय गळतात, असं आपण म्हणतो. माझं उलटं झालं. हातपाय आधी गळाले आणि भीती मागून आली. आली ती अशी आली की अजून पुरती गेलेली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आजारातून उठलेल्या माणसांचे अनुभव माझ्या मुलीने मला पडल्या पडल्या बरेच वाचून दाखवले, आणि त्यातले सगळेच फार शूर होते. मी नव्हते. मी रिसोडची कपडे शिवणारी बाई आहे, नाव करुणा. त्या डिसेंबरात मी जितकी भ्याले तितकी जन्मात भ्याले नाही.

आता भिंतीला धरून चालते. मशीनवर थोडा वेळ पाय चालतो, मग पायच सांगतो की आता बस्स. बरी झाली का म्हणून लोक विचारतात. होऊन राह्यली, असं सांगते. तुमच्यापैकी कुणी आत्ता दवाखान्याच्या छताकडे बघत पडलं असेल, तर हे त्याच्यासाठी आहे. धीर देण्यासाठी नाही. धीर देणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा. घाबरलेलं माणूस एकटं नसतं, एवढंच सांगायचं आहे.

गुडघे टेकले ते टेकलेच

नाताळाच्या आधीचे चार रविवार आमच्याकडे आगमनकाळाचे. रिसोडात आमची मोजकी घरं, आणि चर्च म्हणजे पत्र्याचा एक हॉल. नवे पाळकसाहेब आल्यापासून तिथे दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटवतात, आशेची, शांतीची, आनंदाची आणि प्रीतीची. आनंदाची गुलाबी लागते. ती रिसोडात मिळत नाही, वाशीमातही मिळाली नाही, म्हणून पांढरीलाच गुलाबी पतंगी कागद गुंडाळतात. ती पेटवताना पुढच्या रांगेतल्या बाया पदर सावरून मागे सरकतात.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी मुलांच्या नाटकाचे झगे शिवत होते. देवदूतांचे, पांढरे. शिवता शिवता उजवा पाय पायडलवरून घसरला. परत ठेवला, परत घसरला. तळव्याला मुंग्या येत होत्या. आधीच्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं होतं, म्हणून वाटलं अशक्तपणा असेल. शेजारची कांताबाई सैल झालेला ब्लाउज आटवायला घेऊन आली होती. आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक आहे. ती बौद्ध, मी ख्रिस्ती, आणि भांडण झालं की दोघी एकाच भिंतीवर भांडी आपटतो.

"काहून वं, पाय झोपला का तुया?" तिने विचारलं.

"थंडीनं असंन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी सगळ्यांनी गुडघे टेकले. मीही टेकले. आमेन झालं, सगळे उठले. मला उठता येईना. मांड्यांत जोरच नव्हता. कुणाला सांगावं तर लाज वाटली, म्हणून डोळे मिटून तशीच राहिले. मागून एका बाईचा आवाज आला, "करुणाले पाह्य ना, कशी प्रार्थनेत बुडून गेली." मी कसली बुडते. आतून माझं पाणी पाणी झालं होतं. मी देवाला एवढंच म्हणत होते की मला उठव, आणि तो उठवत नव्हता. शेवटी विजय, म्हणजे माझे मालक, सतरंजी उचलायला आले तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी काखेत हात घालून उचललं, आणि दारात माझ्या पायात सरकवलेली चप्पल गळून पडली ते मला कळलं नाही.

बहुतेक

विजय रिसोड-वाशीम जीप चालवतात. सोमवारी सकाळी त्याच जीपमध्ये मागच्या सीटवर मला निजवून वाशीमला नेलं. रस्त्यात लोक बसायला म्हणून हात दाखवत होते आणि हे न थांबता जात होते, तर लोक मागून शिव्या देत होते. वाशीमच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर लहान हातोडी मारली. पाय उडायला पाहिजे होता, उडला नाही. त्यांनी दुसऱ्या पायावर मारली. मग हातोडी खिशात ठेवून ते विजयना म्हणाले, "घरी जाऊ नका. इथूनच अकोल्याला न्या." डॉक्टर हळू बोलायला लागले की समजून घ्यावं.

अकोल्याला पाठीतलं पाणी काढलं, नसांना बारीक झटके देऊन पाहिलं. तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून सांगितलं. जीबीएस. आपलंच शरीर चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतं. पायापासून सुरू होतं आणि वर चढतं.

"किती वर?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. बहुतेक लोक बरे होतात. पण छातीपर्यंत आलं तर काही दिवस श्वासाचं मशीन लावावं लागतं."

त्यांनी आणखी बरंच सांगितलं असेल. मला एकच शब्द ऐकू आला, बहुतेक. बहुतेक म्हणजे सगळे नाही. मी तो शब्द उलटासुलटा करून पाहत राहिले, कापड सुलट कुठलं ते बघावं तसा. आणि विजय माझ्या पायाशी उभे राहून म्हणत होते, "काई होत नाई वं. काई होत नाई." माझा पाय त्यांच्या हातात होता आणि मला त्यांचा हात लागत नव्हता. तुमच्या घरी कुणी असं पडलं असेल तर हात जोडून सांगते, काही होत नाही असं म्हणू नका. होत असतं. ज्याला होत असतं त्याला माहीत असतं.

आकडे नको

आयसीयूत दिवस आणि रात्र एकाच ट्यूबलाइटच्या. इंजेक्शनं सुरू झाली. पाय गेले, मग हात खांद्यापासून जड झाले. नाकावर माशी बसली तर ती तिला वाटेल तेव्हाच उठायची. पाण्याचा घोट ठसक्यात गेला, तेव्हा नाकातून नळी घातली.

मॅडम रोज येऊन सांगायच्या, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोठ्याने आकडे मोजा, दम संपला की थांबा. कितीपर्यंत जातं त्यावरून छातीचं कळतं. पहिल्यांदा चांगलं मोजलं. दुसऱ्यांदा कमी भरलं. मी शिवणारी बाई, इंच-सूत माझ्या डोक्यात बसलेलं. किती कमी झालं ते मॅडमनी सांगायच्या आधी मला कळायचं. मग पुढच्या वेळी एक म्हणतानाच छाती धडधडायची आणि दम आणखी तुटायचा. माझी पाचावर धारण बसायची.

विजयनीच मॅडमना विचारलं, "मॅडम, आकड्यानं तिच्या पोटात गोळा येते. आमची प्रभूची प्रार्थना म्हटली तं चालंन का? लहानपणापासून पाठ हाय, इचार करा लागत नाई."

"काहीही म्हणा," मॅडम म्हणाल्या. "फक्त दर वेळी तेच आणि त्याच वेगाने."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रार्थना लहानशी आहे. आधी स्वर्गातल्या बापाचं नाव येतं, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. त्यानंतर आमची रोजची भाकर, मग क्षमा, मग परीक्षा, आणि शेवटी गौरव आणि आमेन. धडधाकट माणूस एका दमात आमेन गाठतो. ताट समोर असलं तर माझी मुलगी अर्ध्या दमात गाठते.

मी पहिल्या दिवशी परीक्षेपर्यंत गेले. शांतीच्या रविवारी क्षमेच्या पुढे गेले नाही. दोन-तीन दिवसांत भाकर आली. म्हणजे भाकरीवर दम संपायला लागला.

मॅडमना प्रार्थना येत नव्हती, पण त्यांनी नीट विचारून घेतलं. "भाकरीच्या आधी काय असतं?"

"इच्छा," विजय म्हणाले.

"मग इच्छेवरच थांबल्या तर मला ताबडतोब बोलवायचं. मशीन लावू." मंगरूळपीरच्या एक सिस्टर होत्या, त्यांना त्यांनी तसं बजावून ठेवलं.

इच्छेची भीती

ख्रिस्ती बाईने हे लिहू नये म्हणतात, पण लिहिते. मला त्या शब्दाची दहशत बसली. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे मी बोबडं बोलायला लागले तेव्हापासून म्हणत आले. लग्नात म्हटलं, मयतीत म्हटलं. अर्थ कधी लागला नव्हता. आता तिथे दम संपला तर घशात नळी, आणि नळीनंतर काय ते बहुतेकवर. मी तिथे पोचले की डोळे गच्च मिटून उरलेला सगळा वारा पुढे ढकलायचे. मला त्याची इच्छा नको होती. मला भाकर पाहिजे होती.

नेमक्या त्याच दिवसांत आत्याबाई भेटायला आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बाई करारी आहे, ऐकायला थोडं कमी येतं, आणि देवावर विश्वास असा की सासरे वारले तेव्हा रडायच्या आधी प्रार्थना केली. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भेऊ नको बाई. त्याची इच्छा असंन तसंच होईन."

माझा तोल गेला. "त्याची इच्छा तुमी ठेवा, आत्याबाई," मी म्हटलं. "मले भाकर पाह्यजे."

आवाज माझा केवढासा होता, पण त्यांनी ऐकला. विजयनी मान खाली घातली. आत्याबाईंनी हात तसाच थोडा वेळ ठेवला, मग शाल सारखी केली आणि दुसऱ्या सकाळच्या एसटीने रिसोडला निघून गेल्या. घरी मुलगी एकटी होती, जाणं भागच होतं. पण मला वाटलं की मी त्यांचं मन मोडलं आणि देवाचंही, आणि आता दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघणार नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात पांढरे झगे पूर्ण शिवले. एक जास्त शिवला गेला. तो माझ्या मापाचा होता. असे विचार येतात. आले तर स्वतःला पापी समजू नका.

भाकरीचं गाठोडं

कांताबाई रोज विजयना फोन करायची. तिला प्रार्थना माहीत नाही, पण हिशेब पक्का समजला होता. हॅलो नाही की काही नाही, एकदम, "भाकरीपरेंत गेली का?" हे हो म्हणायचे आणि ती फोन ठेवायची.

स्टँडवर कुणीतरी तिला माझ्या तब्येतीचं विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू बापा, करुणा भाकरीवर अडकली." जीपवाल्यांमध्ये ही बातमी पोचली तेव्हा तिचा अर्थ असा झाला की अकोल्याच्या दवाखान्यात नुसता भातच देतात आणि विजयची बायको भाकरीसाठी जीव टाकून राह्यली. शनिवारी विजयचे दोस्त इस्माईलभाई जीप घेऊन थेट अकोल्याला. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं एवढं मोठं गाठोडं. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, घट्ट बेसन. चार-पाच घरच्या बायांनी पहाटे उठून थापल्या होत्या.

"भाभीले सांगा, पोटभर खाय म्हणा," इस्माईलभाई आयसीयूच्या दारात म्हणाले.

सिस्टरनी गाठोडं बघून विचारलं, "अहो, पेशंटच्या नाकात नळी आहे. हे कोण खाणार?"

विजयना काय झालं कुणास ठाऊक, ते दारातच खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. इस्माईलभाई बिचारे घाबरले. त्यांना वाटलं माझंच काही झालं. मग व्हरांड्यात ज्यांची ज्यांची माणसं आत पडली होती त्या सगळ्यांनी त्या भाकरी खाल्ल्या. विजय भेटीच्या वेळेला आत आले, हात धुतले नव्हते, मुद्दाम. बोटं माझ्या नाकाशी धरली. ठेच्याचा वास आला, चुलीचा आला. त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि मी हसले. हसण्यात एवढा दम जातो हे मला माहीत नव्हतं. उशाचं यंत्र टिवटिव करायला लागलं आणि सिस्टरनी दोघांना रागावलं.

त्या आजारपणात मला देव दिसला का, असं चर्चमधल्या बाया विचारतात. दिसला नाही. वास आला, एवढं मी सांगू शकते.

काल होती तेवढीच

रविवार उजाडला. गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा. तिसरी मेणबत्ती पेटवायची पाळी आमच्या घराची होती, म्हणजे आत्याबाईंची. मला सकाळपासून त्याचीच चीड येत होती. कसला आनंद. मी हलू शकत नव्हते, गिळू शकत नव्हते, आणि भाकरीच्या पुढे सरकत नव्हते.

मॅडम आल्या. "म्हणा."

म्हटलं. नाव, राज्य, इच्छा. ढकललं. भाकर. संपलं.

"काल?"

"भाकर," सिस्टर म्हणाल्या.

"परवा?"

"परवापण भाकरच."

मला रडू फुटलं. "मॅडम, पुढे जातच नाही," मी म्हटलं.

मॅडमनी मास्क खाली केला. त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "पुढे जायची घाई नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागे गेल्या नाहीत, तेवढं बघा. चढायचं थांबलंय असं वाटतंय. अजून खात्री देत नाही, पण थांबलंय असं वाटतंय."

मी काही बरी झाले नव्हते. बोटसुद्धा हलत नव्हतं. आणि तरी विजय भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वळले तेव्हा म्हणाले, "मले लय भेव वाटलं वं. रोज वाटे." इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते खरं बोलले. माझ्या छातीवरचं ओझं तेवढ्यानेच अर्धं उतरलं. ते माझ्याजवळ येऊन भ्यायला लागले, तेव्हा मला ते परत माझे वाटले.

त्यांनी आत्याबाईंना फोन लावला. चर्चमध्ये उपासना सुरू होती, तरी त्यांनी उचलला. त्या फोन मांडीवरच घेऊन बसल्या होत्या. विजयनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "दोनच मिनिटं," आणि पाठ फिरवून उगाच सलाईन तपासत राहिल्या. विजयनी फोन माझ्या कानाला लावला.

पाळकसाहेबांचा आवाज लांबून आला. "करुणाताई बऱ्या आहेत का?"

"बरी नाई," आत्याबाई म्हणाल्या. त्या फोनवर अशा बोलतात की अकोल्याला तसंही ऐकू यावं. "काल होती तेवढीच हाय."

मग टाळ्या वाजल्या. आधी एक-दोन, मग सगळ्या हॉलच्या, पत्रा वाजावा तशा. आमच्या चर्चमध्ये आंधळ्याला दिसलं आणि लंगडा चालला असल्या साक्षींना टाळ्या पडतात. काल होती तेवढीच आहे, याला टाळ्या पडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. डोळ्यातलं पाणी घरंगळून कानात गेलं, पुसायला हात नव्हते. विजयनी बाहीने पुसलं.

आगपेटीची काडी ओढल्याचा आवाज आला. मग पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सगळे त्यांच्यामागे म्हणायला लागले. नाव झालं, राज्य झालं, इच्छा झाली. आमच्याकडे इच्छेनंतर सगळे दम घ्यायला जरा थांबतात, ही जुनी सवय आहे. मी इथे पडल्या पडल्या श्वास रोखला.

त्या शांततेत आत्याबाईंचा आवाज आला. एकटा, थरथरता, पण मोठा.

"इच्छेपाशी थांबू नका, पाळकसाहेब. फुडं माह्या सुनेची भाकर हाय."

आणि सगळ्या हॉलने भाकर मागितली.